नजरतारण

मे महिना संपता संपता दादरच्या बाजारात दप्तर घ्यायला जाऊ नये, हे मला कळते. तरी गेले. नात यंदा पहिलीत जाणार होती. तिच्या आईला रजा मिळेना, बाबा फिरतीवर, आणि आजी निवृत्त. निवृत्त माणूस म्हणजे घरातला राखीव शिपाई. कुठल्याही बंदोबस्ताला पाठवावा.

दुकान कसले, एक बोळच होता तो. दोन्ही भिंतींना छतापर्यंत दप्तरे टांगलेली. नात आत शिरली आणि थेट एका दप्तरापुढे जाऊन उभी राहिली. ते तिच्या डोळ्यांच्या नेमके समोर होते. साधी दप्तरे वर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. दुकानदाराने ही मांडणी उगाच केलेली नव्हती, हे मला घरी आल्यावर सुचले. दप्तरावर टीव्हीवरच्या एका पात्राचे चित्र होते. कोणते ते सांगत नाही; तुमच्या घरातल्या सहा वर्षांच्या पोराला विचारा, पहिल्या तीन नावांत येईल. किंमत साडेअकराशे रुपये. त्याच आकाराचे, त्याच निळ्या रंगाचे, बिनचित्राचे दप्तर साडेपाचशेला.

बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या बाईला एक खोड लागते : वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मी दोन्ही दप्तरे आतून तपासली. शिवण, अस्तर, चेन, पट्ट्याचा टाका. मला तरी काडीचा फरक दिसला नाही. मी साधे दप्तर तिच्या पाठीला लावले आणि म्हटले, "हे घेऊ या. बघ, किती मजबूत आहे."

तिने मान वळवून पाठीवर पाहायचा प्रयत्न केला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "आजी, पण ह्याच्यावर कोणीच नाहीये."

हट्ट केला असता तर मी रागावले असते. पण हे वाक्य वेगळे होते. पंधरा दिवसांनी तिला एका अनोळखी वर्गात एकटीने शिरायचे होते. पाठीशी ओळखीचे कुणीतरी असावे, इतकेच तिचे म्हणणे होते. ती दप्तर मागत नव्हती, सोबत मागत होती. आणि त्या सोबतीची किंमत सहाशे रुपये होती.

आम्ही दप्तर न घेताच बाहेर पडलो, उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो. रात्री मला झोप येईना. कारण ते सहाशे रुपये नव्हते. दप्तर, त्यावरचे चित्र आणि माझी तपासणी, या तिन्ही गोष्टी आयुष्यात पूर्वी एकदा एकत्र आल्या होत्या, आणि तो हिशेब माझ्यापुरता अजून मिटलेला नाही.

१९९७ साली मी धारावीजवळच्या एका शाखेत कर्ज विभागात अधिकारी होते. आमच्या कर्जदारांत दप्तरे शिवणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे. माळ्यावर सहा मशिने, खाली कापडाचे तागे, आणि जिन्यावर झोपलेला एखादा कारागीर. त्यांना आम्ही दीड लाखाची उचल दिली होती. तारण म्हणून तयार माल.

बँकेच्या मराठीत याला एक सुरेख शब्द आहे : नजरतारण. घर गहाण ठेवतात, सोने बँकेच्या तिजोरीत ठेवतात. पण कारखानदाराचा माल तिजोरीत ठेवला तर तो विकणार काय आणि कर्ज फेडणार काय? म्हणून माल त्याच्याच ताब्यात राहतो. बँकेचा त्यावर हक्क असतो, आणि नजर असते. ती नजर म्हणजे महिन्याकाठी आलेले साठ्याचे विवरणपत्र, आणि अधूनमधून अधिकाऱ्याने स्वतः जाऊन केलेली पाहणी. त्या शाखेत ती नजर म्हणजे मी होते.

एप्रिलमध्ये पाहणीला गेले, तर माळा दप्तरांनी भरलेला. जूनचा हंगाम तोंडावर होता. दर वर्षी चाचांची दप्तरे खाकी नाहीतर निळी असत. त्या वर्षी प्रत्येकावर एक चित्र होते. तेव्हा टीव्हीवर गाजत असलेल्या एका मालिकेतले पात्र. सगळीकडे त्याचे तोंड डावीकडेच वळलेले, आणि एका हाताला बोट एक कमी. चाचा कौतुकाने म्हणाले, "हमारे मास्टरने टीव्ही के सामने बैठके उतारा है. चार इतवार लगे." चालत्या चित्रावरून कागदावर उतरवायचे म्हणजे सोपे काम नव्हे.

मी विचारले, "चाचा, हे चित्र कुणाचं? विचारलंय का कुणाला?"

ते मनापासून हसले. "किसका मतलब? सबका है मॅडम. बच्चों को पसंद है, इसलिए बनाया."

मला कायद्यातले बारकावे ठाऊक नव्हते. पण ते चित्र कुणाच्या तरी मालकीचे असणार, एवढे कळत होते. तसे मी तेव्हाच बोलले असते तर चाचांच्या हातात दीड महिना होता. चित्राचा तुकडा उसवून दुसरा लावता आला असता. मी बोलले नाही. दुपारी आणखी दोन पाहण्या उरकायच्या होत्या. विवरणपत्रावर लिहिले, 'शालेय दप्तरे, नग १,१००, स्थिती चांगली', आणि सही केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात छापा पडला. पोलिसांबरोबर हक्कदारांचा माणूस होता. त्याच्या हातात त्या पात्राचे अधिकृत चित्र. पंचनामा झाला, दोन टेम्पो भरून माल गेला. ज्यावर बँकेची नजर होती, तो सगळा माल आता मुद्देमाल झाला. हंगाम बुडाला, हप्ते थकले, खाते थकबाकीत गेले. मला वरून मेमो आला : पाहणी अहवालात मालाच्या स्वरूपाचा उल्लेख का नाही? मी उत्तर दिले की, छापील फॉर्ममध्ये चित्राचा रकाना नाही. उत्तर मान्य झाले. ते खरे होते, आणि खोटेही होते.

कोण चुकले? चाचा चुकले, यात शंका नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या ६३ व्या कलमानुसार जाणूनबुजून नक्कल करून धंदा करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण चित्राला मालक असतो ही कल्पना चाचांना इतकी परकी का वाटली, हे समजून घ्यावे म्हणून मी पुढे या धंद्याचे जमेल तेवढे वाचत गेले. आणि गंमत अशी की, या व्यवहाराची एक सुरुवातही शाळेच्या वहीपाशीच होते.

सर्वांत आधीचे नाव निघते ते इंग्लंडच्या बिॲट्रिक्स पॉटरचे. 'पीटर रॅबिट'चे तिचे पुस्तक १९०२ साली प्रकाशकाने काढले आणि १९०३ मध्ये तिने त्या सशाची कापडी बाहुली स्वतः शिवून तिची रीतसर नोंदणी केली. आपल्या गोष्टीतला ससा कुणीही उठून विकू नये, हे त्या बाईला तेव्हाच उमगले होते.

वॉल्ट डिस्नेला ते ठेच लागून उमगले. १९२७ साली त्याने ओस्वाल्ड नावाचा ससा पडद्यावर आणला. ससा लोकप्रिय झाला. १९२८ मध्ये वाढीव पैसे मागायला तो न्यूयॉर्कला गेला, तेव्हा त्याला कळले की सशाचे हक्क त्याच्याकडे नाहीतच. ते युनिव्हर्सलकडे आहेत, आणि त्याचे बहुतेक चित्रकारही दुसऱ्याने फोडले आहेत. हात हलवीत परतलेल्या त्या माणसाने मग एक उंदीर काढला, आणि या वेळी मालकी सोडली नाही. १८ नोव्हेंबर १९२८ ला 'स्टीमबोट विली' न्यूयॉर्कमध्ये झळकला आणि मिकी माऊस घरोघर पोहोचला.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हॉटेलात एक माणूस वॉल्टच्या मागे लागला. शाळकरी मुलांच्या लिहायच्या वह्यांवर त्याला मिकीचे चित्र हवे होते, आणि त्यासाठी तो रोख ३०० डॉलर मोजायला तयार होता. वॉल्ट आणि त्याचा भाऊ रॉय तेव्हा पैशाच्या ओढीत होते. त्यांनी ते घेतले. नंतर वॉल्टनेच ही हकिकत सांगितली आहे.

पण या किरकोळ उत्पन्नाचा धंदा केला तो के केमन याने. हा कॅन्सस सिटीचा जाहिरातवाला. १९३२ मध्ये त्याने डिस्नेबरोबर करार केला. मिकीचे चित्र कुणीही मागितले की देऊन टाकायचे, हे त्याने बंद केले. भिकार माल काढणाऱ्यांना दूर केले, चांगल्या कारखानदारांना गाठले, दुकानदारांसाठी मालाच्या सचित्र याद्या छापल्या. तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. १९३३ साली इंगरसॉल कंपनीचे मिकीचे मनगटी घड्याळ आले. त्यात मिकीचे दोन हातच काटे म्हणून फिरत. किंमत चार डॉलरच्या आत. दोन वर्षांत अशी सुमारे २५ लाख घड्याळे खपली.

दुसरी कथा लायोनेलची. खेळण्यातल्या आगगाड्या करणारी ही कंपनी १९३४ साली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर, कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती होती. तिने मिकी आणि मिनी दांडा दाबून चालवतात अशी एक किल्लीची हातगाडी काढली. किंमत एक डॉलर. अडीच लाखांवर गाड्या खपल्या, आणि 'उंदराने कंपनी वाचवली' असे सगळीकडे छापून आले. इथे माझ्यातली कर्ज अधिकारी जागी होते. एक डॉलरच्या अडीच लाख गाड्या म्हणजे विक्री अडीच लाख डॉलर. नफा त्याचा लहानसा भाग. तेवढ्याने मोठे कर्ज फिटत नाही. मग उंदराने काय केले? त्याने पत वाढवली. बुडू लागलेल्या कंपनीचे नाव लोकांच्या तोंडी आनंदाने आले. ताळेबंदात या गोष्टीला रकाना नसतो. पण हा सगळा धंदा त्याच रकान्याचा आहे.

या धंद्याची आजची रीत समजून घेण्यासारखी आहे. पात्राचा मालक आपले चित्र विकत नाही, भाड्याने देतो. करारात वस्तू ठरलेली असते, प्रदेश ठरलेला असतो, मुदत ठरलेली असते. दप्तराचा परवाना घेणाऱ्याला तेच चित्र डब्यावर छापता येत नाही. भाडे म्हणजे रॉयल्टी, बहुधा घाऊक किमतीवर, साधारण पाच ते पंधरा टक्के. शिवाय किमान हमीची रक्कम असते. माल खपो न खपो, ती द्यावीच लागते. मुदत संपली की उरलेला माल थोड्या महिन्यांत काढून टाकायचा, पुढे विकायचा नाही.

भाडेकरूने घर कसे वापरायचे, याचेही नियम असतात. मालक एक जाडजूड नियमावली देतो. डोळ्यांमधले अंतर किती, रंगाचा क्रमांक कोणता, कोणत्या बाजूने तोंड, कोणती वस्तू हातात द्यायची नाही. कच्चे चित्र, नमुना, तयार वस्तू, अशा टप्प्याटप्प्याने मंजुरी घ्यावी लागते. मग त्यावर चमकणारा होलोग्राम लागतो. एक बोट कमी असलेले चाचांचे पात्र पहिल्याच टप्प्यावर परत आले असते.

ही नियमावली जिभेच्या टोकावर असते ती मात्र मुलांच्या. गेल्या वर्षी गावच्या जत्रेत फुगेवाल्याकडे एक डोरेमॉन होता. मी कौतुकाने म्हटले, "बघ तुझा डोरेमॉन." नातीने एक नजर टाकली आणि निकाल दिला, "हा खोटा आहे आजी. डोरेमॉनला कान नसतात. उंदरानं कुरतडले ना." फुग्याला खरेच दोन टोकदार कान होते. छाप्यातल्या त्या माणसाला हातात अधिकृत चित्र धरावे लागले होते. हिला तेही लागले नाही.

आमच्या नातीच्या दप्तराचा मी अंदाजाने हिशेब मांडून पाहिला. घाऊक किंमत सहाशे धरली आणि रॉयल्टी दहा टक्के, तर चित्राचे भाडे साठ रुपये. मग वरचे सहाशे कसे झाले? हमीची जोखीम, मंजुऱ्यांचा खर्च, वितरकाचा टक्का, दुकानदाराचा टक्का. प्रत्येक पायरीवर थोडी भर. आणि सगळ्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते : हे दप्तर हातात घेतलेले मूल ते खाली ठेवणार नाही. माझी जुनी भाषा वापरायची तर, या व्यवहारात तारण माल नाही. मुलाची नजर हेच तारण. नजरतारणाचा हा अर्थ आमच्या बँकेच्या पुस्तकात नव्हता.

पूर्वी गोष्ट आधी येई आणि वस्तू मागून. पुढे हा क्रमही उलटला. जपानमधल्या सॅन्रिओची हॅलो किटी १९७४ साली रेखाटली गेली आणि आधी पैशांच्या एका चिमुकल्या पाकिटावर आली. तिची चित्रमालिका फार नंतरची. अमेरिकेत 'ही-मॅन'ची खेळणी १९८२ मध्ये बाजारात आली आणि १९८३ मध्ये त्याची मालिका. खेळणे खपावे म्हणून गोष्ट रचली. याच सुमारास तिथल्या सरकारी नियामकाने मुलांच्या कार्यक्रमांवरची बंधने सैल केली आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिरातीच मालिका म्हणून दिसू लागल्या. अखेर १९९० मध्ये कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींना मिनिटांची मर्यादा घालावी लागली. तोच ही-मॅन आपल्या दूरदर्शनवरही आला, आणि तलवार उंचावून ओरडणारी मुले चाळीचाळीत दिसली. माझ्या लेकीने माझी लाकडी पट्टी त्यात मोडली.

पण हा सगळा परदेशी मामला आहे, असे म्हणायची आता सोय नाही. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा 'छोटा भीम' २००८ मध्ये पोगो वाहिनीवर आला. ढोलकपूर, लाडू आणि केशरी धोतर यांच्या जोरावर त्याने देशभरची मुले जिंकली. पुढे कंपनीने त्याच्या वस्तूंची स्वतःची दुकानेही काढली. इथे चाचांच्या प्रश्नाचे उत्तर फार स्वच्छ मिळते. महाभारतातला भीम सबका है. त्याच्यावर उद्या तुम्ही गोष्ट लिहा, चित्र काढा, कुणी अडवणार नाही. पण केशरी धोतरातला, लाडू खाऊन बळ येणारा तो विशिष्ट चेहऱ्याचा मुलगा सगळ्यांचा नाही. तो कुणीतरी बसून घडवला आहे. १९९० च्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयापुढे 'नागराज' या कॉमिकच्या नायकाचे प्रकरण आले होते. दुसऱ्या प्रकाशकाने 'नागेश' आणला होता. न्यायालयाने नागराजच्या बाजूने मनाई दिली. साप सगळ्यांचे, नागराज एकाचा.

आणि मालकीलाही अंत असतो. १ जानेवारी २०२४ रोजी, ९५ वर्षे पुरी झाल्यावर, 'स्टीमबोट विली'मधला तो जुना, काळापांढरा मिकी अमेरिकेत सर्वांना खुला झाला. नंतरची रंगीत रूपे मात्र अजून कंपनीची, आणि व्यापारचिन्हाचा हक्क वेगळाच.

हे सगळे मी आज शांतपणे लिहिते आहे. पण एकदा माझ्यावरच वेळ आली, तेव्हा शांतपणा टिकला नाही. माझ्या एका कादंबरीतल्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरावर एका महाविद्यालयाच्या मुलांनी एकांकिका केली, स्पर्धेत उतरवली, बक्षीसही मिळवले. मला कळले ते वर्तमानपत्रातून. माझा संताप झाला. तो पोस्टमास्तर मी तीन वर्षे रात्री जागून, कॅशचा ताळा जमल्यावर उरलेल्या वेळात घडवला होता. मी एक कडक पत्र धाडले. आठ दिवसांनी तीन मुले पेढे घेऊन दारात उभी. त्यांतला एक मान खाली घालून म्हणाला, "बाई, आम्हाला तो फार आवडला, म्हणून केलं."

मी दारात तशीच उभी राहिले. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. बच्चों को पसंद है, इसलिए बनाया.

मुलांना मी पेढ्यांसकट घरात घेतले, आणि चहा देता देता सांगितले की आवडणे ही परवानगी नसते. ते मला आजही पटते. ज्याने घडवले त्याला त्याचे भाडे मिळाले पाहिजे. माझ्या कादंबरीच्या प्रतीमागे मिळणारे टक्के आणि त्या दप्तरामागचे टक्के, दोन्हींना नाव एकच आहे, रॉयल्टी. पण या मुलांशी कुणीतरी बोलले. चाचांशी बोलायची जबाबदारी जिची होती, ती विवरणपत्रावर सही करून पुढच्या पाहणीला गेली.

एक गोष्ट मात्र मला भाड्यापलीकडची वाटते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली चार ते सहा वर्षांच्या ४० मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना एकच पदार्थ दोन पाकिटांतून दिला. एका पाकिटावर आवडते कार्टून, दुसरे कोरे. बिस्किटे आणि गोळ्या कार्टूनच्या पाकिटातल्याच जास्त चविष्ट लागतात, असे मुलांनी सांगितले. गाजराच्या बाबतीत मात्र ही जादू फारशी चालली नाही! चित्र जिभेवरही बसते, हे यातून कळते. २०१६ मध्ये चिलीने साखर-मीठ-चरबीने भरलेल्या पदार्थांच्या वेष्टनांवरून अशी चित्रे कायद्याने हटवली. आपल्याकडेही फसव्या जाहिरातींविषयी २०२२ साली केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींचा वेगळा विचार आहे. पण कायदा दुकानात आपल्याबरोबर येत नाही. तिथे आजीच असते. चित्र आणि वस्तू वेगळी करून पाहायची नजर मुलाला नसते, आणि ती नसणे हेच त्याचे लहानपण आहे. ती नजर मोठ्यांनी ठेवायची.

चाचांनी कर्ज फेडले. सहा वर्षे लागली. कधी पाचशे, कधी हजार. मशिने सहाची तीन झाली. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी ते माझ्या टेबलावर एक जाड कॅनव्हासचे खाकी दप्तर ठेवून म्हणाले, "मॅडम, बिटिया के लिए." कर्जदाराकडून भेट घ्यायची नसते. मी एकशे वीस रुपये हातात दिले आणि पावती मागितली. ते हसत म्हणाले, "पावती भी लेंगी? ठीक है." मग थांबून म्हणाले, "देख लीजिए, इसपे कोई तसवीर नहीं है." त्यांनी तो टोमणा मारला की नुसती खात्री दिली, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दादरहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते दप्तर माळ्यावरून काढले. माझ्या लेकीने ते दहावीपर्यंत वापरले, मग त्यात जुनी पासबुके राहिली. रंग उडाला आहे, चेन एकदा बदलली, पण एक टाका सुटलेला नाही. नातीने ते उलटसुलट पाहिले. "ह्याच्यावर पण कोणीच नाहीये," ती म्हणाली.

मी तिला चाचांची गोष्ट सांगितली. चार रविवार टीव्हीपुढे बसणारा मास्टर, डावीकडेच बघणारे पात्र, कमी पडलेले बोट, दोन टेम्पो. तिने एकच शंका काढली. "तू त्यांना का नाही सांगितलंस?" मेमोत हाच प्रश्न होता, पण तिला फॉर्ममधल्या रकान्याचे उत्तर देता येईना. "चुकलं माझं," मी म्हटले. पंचवीसहून अधिक वर्षांनी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटले.

त्या शनिवारी आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. तह असा झाला होता : दप्तर साधे, आणि शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडून तिच्या लाडक्या पात्राचे होलोग्राम असलेले स्टिकरचे एक पाकीट. साठ-सत्तर रुपयांत चित्राचे भाडे त्याच्या मालकाला पोचते, आणि पुढच्या वर्षी लाडके पात्र बदलले तर दप्तर बदलावे लागत नाही. तिला हे पूर्ण पटले होते, असे नाही. चित्राच्या दप्तराकडे तिने जाता जाता दोनदा वळून पाहिले. माझाही जीव थोडा तुटला.

पैसे देताना तिने साधे दप्तर आतून उलटे केले, माझ्यासारखेच, आणि काउंटरवर हनुवटी टेकवून दुकानदाराला विचारले, "काका, हे कोणी शिवलंय?"

दुकानदार गोंधळला. बिल्ला पाहिला. त्यावर कंपनीचे नाव होते, कमाल किंमत होती, ग्राहकांनी तक्रार कुठे करायची तेही होते.

"ते नसतं गं लिहिलेलं," तो म्हणाला.